‘पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं?’ या प्रश्नातच घोळ आहे

मागच्या आठवड्यात लॅबमधल्या एका ज्युनिअरने तिचा सिनॉप्सिस वाचायला दिला. पहिल्याच पानावर ‘प्रथमच’ हा शब्द चार वेळा. मी विचारलं, हे कशावरून? तर म्हणाली, “ताई, मी शोधलं ना, कुणी केलेलं सापडलं नाही.” सापडलं नाही आणि झालेलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे तिला समजावताना जिवाणूंचं उदाहरण द्यायचं सोडून माझ्या तोंडून रॉक अँड रोल निघालं. (रात्री जेल रन होत असताना मी हेच ऐकत बसते, त्याला इलाज नाही.) तेव्हा घाईत जे बोलले ते इथे जरा नीट लिहिते.

पहिलं रॉक अँड रोल रेकॉर्ड कोणतं, असं कुठेही विचारा, सगळ्यात आधी येणारं उत्तर ‘रॉकेट ८८’. मार्च १९५१, मेम्फिसमधला सॅम फिलिप्सचा छोटा स्टुडिओ. बँड आइक टर्नरचा, गायक त्याच बँडमधला सॅक्सोफोनवाला जॅकी ब्रेन्स्टन. शिकागोच्या चेस कंपनीने रेकॉर्ड काढलं आणि ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. लेबलवर मात्र नाव छापलं ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’. या नावाचा बँड मुळात नव्हताच, तो टर्नरचा ‘किंग्ज ऑफ रिदम’ होता. म्हणजे जो नमुना ‘पहिला’ म्हणून दाखवतात, त्याचं लेबलच चुकीचं.

या गाण्याच्या बाजूने नेहमी सांगतात ती गोष्ट अ‍ॅम्प्लिफायरची. स्टुडिओत येताना तो बिघडला. कसा, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. स्पीकरचा कोन फाटला होता, त्यात कागद कोंबला आणि गिटारचा आवाज भरड, घरघरणारा झाला. फिलिप्सने तो झाकायचा प्रयत्न केला नाही, उलट पुढे आणला. मला ती गिटार मनापासून आवडते. एखादा सॅक्सोफोन घसा बसलेला असताना वाजावा तशी ती खालच्या पट्टीत घुमत राहते. पण यावरून ‘पहिलं’ ठरवायचं, तर आपण आधी हे मान्य केलं पाहिजे की घरघर म्हणजेच रॉक अँड रोल. तसं कुणी मानत नाही. फॅट्स डॉमिनोच्या गाण्यांत कुठे घरघर आहे?

शिवाय हे गाणं जिमी लिगिन्सच्या ‘कॅडिलॅक बूगी’वरून बेतलं होतं, हे ब्रेन्स्टनने स्वतःच कबूल केलं आहे. आणि याच गाण्याच्या सुरुवातीचा पियानो लिटल रिचर्डने पुढे ‘गुड गॉली मिस मॉली’साठी उचलला, हे त्यानेही लपवलं नाही. म्हणजे आधी काहीतरी आहे, नंतरही काहीतरी आहे, मध्ये हे गाणं. आणि ते पहिलं आहे असं ठासून सांगणाऱ्यांत पुढे कोण? सॅम फिलिप्स, म्हणजे ज्याच्या स्टुडिओत ते झालं तो. आइक टर्नर स्वतः मात्र त्याला रिदम अँड ब्लूजच म्हणायचा. पेपरच्या शेवटी हितसंबंध जाहीर करायची जी ओळ आपण कंटाळत भरतो, ती अशा ठिकाणी आठवावी.

आता व्याख्या बदलून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा ड्रमचा ठोसा हे लक्षण धरलं, तर डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रेकॉर्ड झालेलं डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ पुढे येतं. ‘रॉक’ हा शब्द आणि तो जल्लोष धरला, तर रॉय ब्राउनचं १९४७ चं ‘गुड रॉकिंग टुनाइट’. चर्चमधलं गाणं आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा मेळ धरला, तर सिस्टर रोझेटा थार्पचं १९४४ चं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’. गोऱ्या पोरांच्या गर्दीने डोक्यावर घेतलेलं गाणं हवं असेल, तर बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’. तेही एप्रिल १९५४ मध्ये रेकॉर्ड झालं तेव्हा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ सिनेमात वाजलं आणि मग पहिल्या नंबरावर गेलं. जिम डॉसन आणि स्टीव्ह प्रोप्स यांनी १९९२ मध्ये याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात ५० रेकॉर्ड्स उमेदवार आहेत, १९४४ पासून १९५६ पर्यंतची. एका प्रश्नाला ५० उत्तरं आणि १२ वर्षांचा पल्ला निघत असेल, तर मी आधी प्रश्नावरच संशय घेईन.

माझ्या मते यातली सगळ्यात मजेदार गोष्ट ड्रममध्ये आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९४० च्या दशकातल्या नाचाच्या गाण्यांची चाल दुडकी असते: लांब-आखूड, लांब-आखूड. याला शफल म्हणतात. रॉक अँड रोलमध्ये हळूहळू हे ठोके सरळ, समान होत जातात, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे. हे कसं झालं? न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर मूळचा जॅझवाला. सप्टेंबर १९५५ मध्ये ‘टुटी फ्रुटी’ रेकॉर्ड झालं त्यावर तोच आहे. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर समान आठ ठोके बडवत होता, आणि त्याच्याशी जुळवून घेताना आपण दुडकी सोडली, असं पामर सांगायचा. ‘द फॅट मॅन’वरही ड्रम याच माणसाचे. म्हणजे स्टुडिओ तोच, ड्रमर तोच, पण सहा वर्षांत चाल बदलली. चक बेरीच्या काही गाण्यांत तर गिटार सरळ चालते आणि मागे ड्रम अजून दुडकतच असतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच रेकॉर्डवर. हेडफोन लावून एकदा नीट ऐका, ती ओढाताण कळते आणि गाण्यातला जोर तिथूनच येतो. अशा बदलात ‘पहिला क्षण’ कुठे दाखवणार?

दुसरी अडचण डेटाची. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती. मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोन नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोडीला आल्या. वर युद्धामुळे रेकॉर्ड बनवायच्या लाखेचाही तुटवडा. त्या दोन वर्षांत क्लबांत आणि चर्चमध्ये काय काय वाजत होतं, त्यातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. थार्प ज्या चर्चमध्ये लहानाची मोठी झाली तिथे आई मॅन्डोलिन वाजवत प्रवचन करायची. ते कोण रेकॉर्ड करणार होतं? आपल्याकडे जे आहे ते म्हणजे संगीत नव्हे, कंपन्यांना विकावंसं वाटलेलं संगीत.

मोजायची पट्टीही वाकडी. ‘बिलबोर्ड’च्या यादीचं नाव जून १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. मग जेरी वेक्सलरच्या सूचनेवरून ‘रिदम अँड ब्लूज’ झालं. खाने पाडले होते ते विकत घेणाऱ्याच्या कातडीच्या रंगावरून, सुरांवरून नाही. गाणी मात्र खाने पाळत नव्हती. चक बेरीचं १९५५ चं ‘मेबेलीन’ हे ‘आयडा रेड’ या गोऱ्यांच्या गावाकडच्या फिडलच्या गाण्यातून आलं. आमच्या जिवाणूंमध्ये एक जनुक शेजारच्या भलत्याच जातीत उडी मारतं, त्याला हॉरिझॉन्टल जीन ट्रान्सफर म्हणतात. एकदा ते सुरू झालं की वंशवृक्ष काढता येत नाही, जाळं काढावं लागतं. इथेही तेच.

या ‘मेबेलीन’च्या गीतकारांत चक बेरीबरोबर अ‍ॅलन फ्रीडचं नाव छापलं होतं. फ्रीड म्हणजे क्लीव्हलंडचा तो रेडिओवाला, ज्याने १९५१ पासून हे संगीत रात्री लावलं आणि ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघरी पोचवलं. (नाव त्याने शोधलं, हेही खरं नाही. १९४२ मध्येच ‘बिलबोर्ड’च्या एका परीक्षणात थार्पच्या गाण्याबद्दल ते शब्द आले होते.) गाण्याची एक ओळही त्याने लिहिली नव्हती. पण त्याचं नाव असलं की गाणं रेडिओवर जास्त वाजणार. आपल्या क्षेत्रात याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात. उदाहरणं तुमच्या डिपार्टमेंटमध्येच सापडतील, मी नावं घेत नाही. आपल्या हिंदी सिनेमातही १९५७ च्या ‘आशा’मधल्या सी. रामचंद्रांच्या ‘इना मिना डिका’सारखी गाणी आपण संगीतकाराच्या नावाने ओळखतो. त्या काळात वाद्यमेळ बांधणाऱ्या आणि वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांची नावं पडद्यावर क्वचितच यायची.

श्रेयाच्या बाबतीत उलटी घाईही होते. ‘एल्विसने बिग मामा थॉर्नटनचं गाणं चोरलं’ हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. थॉर्नटनने ‘हाउंड डॉग’ १९५२ मध्ये गायलं, १९५३ मध्ये ते गाजलं, आणि तिच्या सांगण्यानुसार तिला ५०० डॉलरचा एकच चेक मिळाला. तिच्यावर अन्याय झाला, यात मला शंका नाही. पण एल्विसने १९५६ मध्ये गायलेली आवृत्ती शब्दांपासून वेगळी आहे, कारण ती त्याने लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेलच्या बँडकडून उचलली. गाणं लिहिलं होतं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी, खास थॉर्नटनसाठी. ही सगळी वळणं सांगितली म्हणून तिच्यावरचा अन्याय कमी होत नाही. तो नेमका कुठे झाला ते मात्र कळतं: करारात, पैशात आणि रेडिओवर कुणाचं गाणं लागतं त्यात.

‘पहिलं कोण’ या शर्यतीची किंमत थार्पने मोजली, असं मला वाटतं. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या यादीत जे गायक-वादक घेतले, ते सगळे पुरुष. थार्प १९७३ मध्येच गेली होती. तिचं नाव तिथे लागायला २०१८ उजाडलं, तेही ‘सुरुवातीचे प्रभाव’ या वेगळ्या खान्यात. थॉर्नटनचं नाव तर २०२४ मध्ये.

ज्युनिअरला मी सिनॉप्सिसबरोबर तीन गाणी पाठवली: थार्पचं १९४४ चं, ‘द फॅट मॅन’ आणि ‘टुटी फ्रुटी’, याच क्रमाने. म्हटलं, ड्रमकडे कान ठेव, आणि नेमकं कुठे रॉक अँड रोल सुरू झालं ते मला सांग. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: “ताई, थार्पच्या गाण्यात तर पियानोवालाच सगळ्यांना ओढतोय, तो कोण?” तो सॅमी प्राइस. त्याच्याबद्दल पुढच्या वेळी.