तहानेची भाषा

'भीमायन' (नवयान, २०११) हे काटेकोर अर्थाने चित्र-आत्मकथन नव्हे. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. पण त्याचा कणा आहे तो बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांचा. म्हणजे साताऱ्यातले एक मराठी बालपण आधी इंग्रजीत आणि मग गोंड रेषेत आपल्यापुढे येते.

टिपणांतल्या घरात आई नाही. वडील गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार. मुले आत्याजवळ. पोळ्या जमत नाहीत, म्हणून भातावर भागवायचे. न्हावी शिवत नाही, म्हणून थोरली बहीण केस कापते. माया बोलून दाखवलेली नाही. ती कामातून दिसते.

१९०१ साली मुले नवे कपडे घालून वडिलांकडे निघतात. पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे वडिलांना मिळालेलेच नाही. मसूर स्टेशनवर जात कळताच मास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकत जावे लागते. रात्री टोलनाक्यावर भीम आपण मुसलमान आहोत असे दाखवत उर्दूत पाणी मागतो. तरी पाणी मिळत नाही. भाषा बदलली, तहान तीच राहिली.

मराठीत आणताना खरी अडचण इथे आहे. जात कळण्याआधी मास्तर 'बाळांनो' म्हणाला असेल आणि नंतर 'ए पोरांनो'. इंग्रजी 'यू'मध्ये ही घसरण दिसत नाही. 'नीनु' आणि 'नीवु' यांतले अंतर रोज ऐकणाऱ्या बंगळुरूच्या वाचकाला ती लगेच कळेल. व्याम दांपत्याने त्यावर चित्रातच तोड काढली आहे: सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, जातीच्या विखाराचे फुगे विंचवाच्या नांगीचे. पात्रांना चौकटीत कोंडायलाही त्यांनी नकार दिला. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या कथेला ही मोकळी पाने शोभतात.

आरक्षणावर वाद घालणारा आजच्या बसथांब्यावरचा संवाद मात्र मला कमी पडतो. चित्रांनी आधीच पोचवलेले तो पुन्हा समजावून सांगतो. नव्या वाचकाला त्याची गरज असेलही. पण पाण्याची वाट पाहणारी ती पोरे कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलतात. मराठी अनुवादकाने त्यांच्या तोंडी शब्द कमी घालावेत, आणि मास्तरच्या तोंडचे मात्र नीट निवडावेत.