महोत्सवांचे सर्किट आणि सी. पी. बेरार

चित्रपट महोत्सवांचा अभ्यास ही विद्याशाखा अलीकडची. तिची मध्यवर्ती संज्ञा ‘सर्किट’ ही मात्र चित्रपटव्यवसायातून आलेली आणि बरीच जुनी. थॉमस एल्सेसर यांनी २००५ साली महोत्सवांकडे एक जाळे म्हणून पाहिले. मरायके द वाल्क यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात ब्रुनो लातूर यांच्या विचाराचा आधार घेऊन त्या जाळ्याची उपपत्ती मांडली. चित्रपट एका महोत्सवातून दुसऱ्यात जातो, प्रत्येक मुक्कामी त्याच्या प्रतिष्ठेत भर पडते आणि ही प्रतिष्ठाच पुढे चलन म्हणून वापरली जाते, असे या उपपत्तीचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल.

वऱ्हाडात ‘सर्किट’ या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा होता. हिंदी चित्रपटांचे हक्क ज्या प्रदेशवार विभागणीने विकले जात, तीत ‘सी. पी. बेरार’ नावाचे एक क्षेत्र होते. अमरावती व भुसावळ ही त्याच्या वितरणाची ठाणी. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेलेला वऱ्हाड १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला. राजकीय नकाशावरून ‘सी. पी.’ही गेले, ‘बेरार’ही गेले. चित्रपटाच्या व्यापाराने मात्र ते नाव टाकले नाही. प्रशासनाने सोडून दिलेला भूगोल एखाद्या व्यवसायाने जपून ठेवावा, ही गोष्ट इतिहासकारांनी लक्ष द्यावे अशी आहे. या सर्किटात प्रतिष्ठेचा व्यवहार नव्हता. रिळांच्या पेट्या, तिकिटाचा दर आणि आठवडे हीच त्याची भाषा. अकोल्याचा प्रेक्षक तेथे कधी ‘विविधता’ म्हणून मोजला गेला नाही. तो केवळ गल्ला म्हणून मोजला गेला.

महोत्सव-अभ्यासाने विविधतेचा प्रश्न गंभीरपणे हाताळला, हे मान्य करावयास हवे. जर्मनीतील स्काडी लोइस्ट यांची अभ्यासवाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. समलिंगी व क्विअर चित्रपट महोत्सवांच्या अभ्यासापासून आरंभ, २००८ मध्ये द वाल्क यांच्यासह महोत्सव-संशोधकांच्या जाळ्याची स्थापना, पुढे बाबेल्सबर्गच्या चित्रपट विद्यापीठात अध्यापन आणि महोत्सवांतून फिरणाऱ्या चित्रपटांच्या प्रवासाची आकडेवारीनिशी पाहणी, असा तो क्रम आहे. काठावरच्या महोत्सवापासून निघून संपूर्ण व्यवस्थेच्या हिशेबापर्यंत पोहोचलेली ही वाटचाल आहे. कॅमेऱ्यामागे स्त्रिया किती, कोणाचे चित्रपट कोठवर पोहोचतात, निवड कोण करते, हे प्रश्न केवळ सदिच्छेचे न राहता मोजमापाचे झाले, याचे श्रेय अशा अभ्यासकांना आहे. तथापि, मोजमापाला रकाने लागतात आणि रकाने ठरविणारा ज्या ठिकाणी बसलेला असतो, तेथून त्याला दिसणारेच भेद रकान्यांत उतरतात.

विदर्भाशी संबंधित दोन चित्रपट शेजारी ठेवले की ही मर्यादा स्पष्ट होते. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला; त्याच महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य त्याला लाभले होते. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने अलका किस्नावर पाळत ठेवते, लहानग्या मुलालाही त्याच्या मागे पाठविते. शोकविषयाला विनोदाची किनार देणारी ही रचना आजही ताजी वाटते. परंतु गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष हे प्रमुख कलावंत पुण्याच्या रंगपरंपरेतून आलेले. वऱ्हाडी बोली त्यांनी कसबाने आत्मसात केलेली. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ मध्ये टोरांटो येथे दाखविला गेला आणि तेथे त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात तेथल्याच अव्यावसायिक माणसांना घेऊन तो चित्रित झाला. हे गाव काटेकोर अर्थाने वऱ्हाडाबाहेरचे असले, तरी सी. पी. बेरारच्या आतले. शिकू पाहणारी सविता, तिला ‘पाहायला’ येणारी माणसे, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न, आणि मागे कापसाच्या भावाला बांधलेली बापाची गणिते: प्रसंगाची ही पुनरावृत्ती हाच चित्रपटाचा खरा आशय आहे. आरंभीच्या स्वप्नात मुलगी मुलाला ‘पाहते’, तो विपर्यास त्यामुळेच पुढे सलत राहतो.

या दोन चित्रपटांत जे अंतर पडले ते बोलीचे आणि ती बोलणाऱ्या देहाचे आहे. वऱ्हाडी शिकून घेतलेली आहे की जन्मतः आलेली, हा भेद महोत्सवाच्या नोंदीत कोठेच येत नाही. दोन्ही ठिकाणी देश ‘भारत’ आणि भाषा ‘मराठी’. इंग्रजी उपशीर्षकांत तर ‘मले’ आणि ‘मला’ यांचे एकच रूप उरते. ‘स्थळ’ या शीर्षकात लग्नाचे स्थळ आणि जागा असे दोन अर्थ आहेत. परदेशी प्रेक्षकासाठी दिलेल्या ‘अ मॅच’ या नावात जागा गळून गेली. विविधतेचा गौरव करणाऱ्या व्यवस्थेत नेमकी जागाच गळावी, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

मराठी समीक्षेला हा पेच अनोळखी नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यासाठी ‘प्रादेशिक कादंबरी’ हा रकाना तयारच होता. पेंडसे, माडगूळकर यांच्या लेखनावर तो आधीच लावून झालेला होता. (२०१२ चा ‘धग’ हा चित्रपट या कादंबरीवर आधारलेला नाही, नामसाम्यामुळे विद्यार्थ्यांची फसगत होते.) मुंबई-पुण्याच्या जीवनावरील कादंबरी कोणी प्रादेशिक म्हटली नाही. केंद्र स्वतःला प्रदेश समजत नाही, हा त्या वादाने शिकविलेला पहिला धडा. दुसरा धडा अधिक अवघड होता: प्रादेशिकतेचे कौतुक हेही दूर ठेवण्याचे एक साधन असू शकते. आत्महत्याग्रस्त शेतकरी आणि वधूपरीक्षेला बसलेली मुलगी या विषयांचे आकर्षण महोत्सवांच्या निवडीत किती आणि चित्रपटीय गुणवत्ता किती, हा प्रश्न वरील दोन्ही कृतींचे मोल कमी न करता विचारता येतो. ‘प्रादेशिक’च्या वादाने तो विचारण्याची पद्धत मराठीत तयार करून ठेवली आहे. महोत्सव-अभ्यासातील रकान्यांच्या चिकित्सेला ती उपयोगी पडेल.

अमरावती व अकोल्यातील पदव्युत्तर अभ्यासकाला कानला जाण्याची ऐपत नसते, म्हणून हा विषय आपला नव्हे असे वाटू शकते. वास्तविक प्रवासाचा दुसरा टप्पा येथूनच दिसतो. टोरांटोत सप्टेंबर २०२३ मध्ये गौरविलेला ‘स्थळ’ महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत मार्च २०२५ मध्ये आला. या दीड वर्षात त्याने किती महोत्सव पाहिले याची नोंद होते. त्यानंतर अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या, अचलपूरच्या पडद्यावर तो किती खेळ टिकला, ज्या बोलीत तो बोलतो त्या बोलीच्या माणसांनी तो थिएटरात पाहिला की मोबाइलवर, बोली ऐकून ते हसले की गप्प झाले, यांची नोंद कोणत्याही महोत्सवाच्या माहितीकोशात सापडणार नाही. सवयीने हसलेही असतील. कारण पडद्यावर वऱ्हाडी ऐकू आली की विनोदच होणार, हे मराठी करमणुकीने त्यांच्याही कानांना शिकविले आहे. सी. पी. बेरारच्या वितरकांच्या वह्यांत निदान आठवड्यांचा हिशेब असे. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर पेट्या थांबल्या, वितरणाचा व्यवहार मुंबईत एकवटत गेला. जुन्या वह्या अमरावतीतल्या ज्या कपाटांत अजून शिल्लक असतील, त्यांपर्यंत अद्याप विद्यापीठ पोहोचलेले नाही.