तुरुंग, कारखाना आणि शाळा

हसून झाल्यावर प्रेक्षकाच्या मनात काय उरते, यावरून विनोदी कलाकृतीची योग्यता ठरवावी, असे आमचे मत आहे. रेने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९३१ चा 'आ नू ला लिबेर्ते' (स्वातंत्र्य आम्हांला हवे) हा बोलपट या कसोटीस आजही उतरतो. फ्रेंच अकादमीने १९६० मध्ये क्लेर यांना आपल्यात घेतले, हे येथे स्मरावे.

तुरुंगात लाकडी घोडे बनविणाऱ्या दोघा मित्रांपैकी लुई पळून जातो व पुढे ग्रामोफोनच्या कारखान्याचा धनी होतो. एमिल सुटून त्याच कारखान्यात कामास लागतो. तेथेही तीच लांब रांग, तसाच पहारा! एकाचा हात चुकला की सारी रांग विस्कटते. चॅप्लिनच्या १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'शी याचे साम्य पाहून निर्मात्या कंपनीने चॅप्लिनवर दावा लावला. क्लेर यांनी मात्र त्यास साथ दिली नाही.

तुरुंग व कारखाना यांच्या साम्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस अधिक बोचला तो शाळेचा लहानसा प्रसंग. काम सक्तीचे आहे, कारण काम म्हणजेच स्वातंत्र्य, असा धडा तेथील मास्तर मुलांना देतात. वर्षानुवर्षे शाळेची घंटा वाजवीत आलेल्या आम्हांस येथे हसू आले नाही.

शेवटाविषयी मात्र आमचा मतभेद आहे. लुई नवा कारखाना कामगारांना देऊन टाकतो. यंत्रे राबतात, कामगार गळ टाकून बसतात, नाचतात. आमचे बुऱ्हाणपूर मोगल काळापासून कापडासाठी प्रसिद्ध. आज येथील गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. माग विजेवर चालू लागला म्हणून विणकर तापीकाठी गळ टाकून बसला नाही. एकाऐवजी अनेक मागांवर लक्ष ठेवणे त्याच्या वाट्यास आले. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या मालकीचा, हा खरा प्रश्न होय, आणि तो मालकाच्या औदार्याने सुटणारा नव्हे. क्लेर यांनी तो गाण्याच्या भरात उडवून लावला, हा या सुंदर कृतीतील दोष आम्ही मानतो.

तथापि प्रश्न उपस्थित केल्याचे श्रेय त्यांचेच. मागावाल्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात. त्यांस वेळेवर यावयास आम्ही शिकवितो, आणि ते योग्यही आहे. परंतु स्वतःच्या वेळेवर आपला हक्क आहे, हे त्यांस कोण शिकविणार? शिक्षकबंधूंनी हा बोलपट अवश्य पाहावा, आणि त्या मास्तरांच्या जागी क्षणभर स्वतःस बसवून पाहावे.