शालेय सवंगड्यांचा वाद्यवृंद : 'यू टू'च्या उत्कर्षाची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉक संगीत हे पाश्चात्त्य तरुणांच्या अभिव्यक्तीचे प्रमुख माध्यम बनले. या संगीताचा इतिहास बहुधा व्यक्तींच्या चरित्रांतून सांगितला जातो. एखादा प्रतिभावान गायक किंवा गिटारवादक केंद्रस्थानी असतो व इतर वादक त्याच्या प्रभावळीत वावरतात. आयर्लंडमधील डब्लिन शहरात उदयास आलेल्या 'यू टू' या वाद्यवृंदाविषयीचे लेखनही पुष्कळ अंशी गायक बोनो याच्या भोवतीच फिरते. तथापि एकाच शाळेत शिकणारी चार मुले १९७६ साली एकत्र येतात आणि पुढील चार दशकांहून अधिक काळ तीच चौघे एकत्र राहतात, या वस्तुस्थितीचा उलगडा केवळ एका व्यक्तीच्या प्रतिभेने होत नाही. वादनकौशल्याची आरंभीची उणीव आणि सवंगड्यांमधील समान दर्जा या दोन घटकांनी 'यू टू'चा उत्कर्ष कसा घडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाळेचा अवकाश

आयर्लंडमधील माध्यमिक शिक्षण दीर्घकाळ प्रामुख्याने धर्मसंस्थांच्या हाती होते. कॅथलिक व प्रोटेस्टंट मुलांचे जग शाळेपासूनच वेगळे होई. डब्लिनमधील माउंट टेंपल काँप्रिहेन्सिव्ह स्कूल ही १९७२ साली सुरू झालेली शाळा या चाकोरीबाहेरची होती. तिचे व्यवस्थापन प्रोटेस्टंट असले तरी तेथे निरनिराळ्या पंथांची मुले-मुली एकत्र शिकत. सप्टेंबर १९७६ मध्ये लॅरी मलन या चौदा वर्षांच्या ड्रमवादकाने शाळेच्या सूचनाफलकावर वाद्यवृंदासाठी साथीदार हवे असल्याची चिठ्ठी लावली. पॉल ह्यूसन (पुढे बोनो), डेव्हिड इव्हान्स (पुढे 'दि एज') व ॲडम क्लेटन हे त्यातून त्याला मिळाले. पहिली बैठक मलनच्या घरातील स्वयंपाकघरात झाली. पुढे शाळेतच सरावाला जागा मिळाली.

या चौघांची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. बोनोची आई प्रोटेस्टंट व वडील कॅथलिक होते. इव्हान्स व क्लेटन यांचा जन्म इंग्लंडमधला. प्रचलित आयरिश अस्मितेच्या चौकटीत यांतील तिघे तरी पूर्णपणे बसत नव्हते. शाळेने त्यांना रॉक संगीत शिकविले नाही; परंतु एकमेकांना भेटण्याची जागा, सूचनाफलक व सरावाची मुभा दिली. शैक्षणिक संस्थेचे हे योगदान अभ्यासक्रमात नोंदले जात नाही, म्हणून ते दुर्लक्षित राहते.

उणिवेतून घडलेली शैली

हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत गुरूकडून प्रदीर्घ तालीम घेतल्याशिवाय मैफलीत बसण्याचा अधिकार मिळत नाही. 'यू टू'ची वाटचाल याच्या उलट दिशेने झाली. एकही जण तयारीचा कलावंत नव्हता. दुसऱ्यांची गाणी नीट वाजविता येत नसल्यामुळे स्वतःची गाणी रचणे त्यांना भाग पडले. १९७६-७७ च्या सुमारास पंक चळवळीने कौशल्यापेक्षा तीव्रतेला महत्त्व दिले होते, ही काळाची अनुकूलताही त्यांना लाभली. 'फीडबॅक' व 'दि हाइप' ही नावे टाकून १९७८ मध्ये 'यू टू' हे नाव स्वीकारले गेले. त्याच वर्षी १७ मार्च रोजी लिमरिक येथील स्पर्धेत त्यांना ५०० पौंडांचे पारितोषिक मिळाले. मार्च १९८० मध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीशी करार झाला.

ऑक्टोबर १९८० मधील 'बॉय' हा पहिला गीतसंच ऐकताना उणिवेचे शैलीत रूपांतर कसे झाले हे स्पष्ट होते. दि एज याने वेगवान, अलंकृत गिटारवादनाचा मार्ग धरला नाही. मोजकेच स्वर घेऊन ते प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या उपकरणातून सोडावेत आणि मूळ स्वर व त्याची आवर्तने यांतून लयीची वीण तयार व्हावी, ही त्याची पद्धत. त्यामुळे एकटी गिटार विस्तीर्ण अवकाश भरून काढते. क्लेटनचे बासवादन साधे, पण पायाभूत आहे. मलनच्या ड्रमवादनावर लष्करी बँडच्या शिस्तीचा ठसा आहे. कोणतेही एक वाद्य वेगळे काढले तर ते अपुरे वाटते. चारही एकत्र आले की रचना पूर्ण होते. परस्परावलंबन हाच या संगीताचा रचनाबंध आहे.

आशयाच्या बाजूनेही शालेय वयाचा ठसा ठळक आहे. बोनोची आई १९७४ मध्ये, तो चौदा वर्षांचा असताना वारली. मलनची आई १९७८ मध्ये अपघातात गेली. 'बॉय'मधील 'आय विल फॉलो' या गीतामागे आईचे प्रेम व वियोग आहे. दोन सवंगड्यांचे समान दुःख या संगीतातील आर्ततेच्या मुळाशी असावे, असे मानण्यास जागा आहे.

१९८३ च्या 'वॉर' या संचातील 'संडे ब्लडी संडे' हे गीत ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी येथे ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबाराची आठवण जागवते. मात्र हे बंडाचे गीत नव्हे, असे बोनो रंगमंचावरून सांगत असे व हाती पांढरे निशाण घेत असे. मिश्र पंथीय शाळेतून आलेल्या या चौघांनी कोणत्याही एका पक्षाचा झेंडा उचलला नाही, ही बाब त्यांच्या जडणघडणीशी सुसंगत आहे.

समान वाटणीचे तत्त्व

अनेक वाद्यवृंद गीतलेखनाचे श्रेय व त्यापासूनचे उत्पन्न यांवरून फुटतात. 'यू टू'ने व्यवस्थापक पॉल मॅकगिनीस यांच्या सल्ल्याने उत्पन्नाची समान वाटणी स्वीकारली, आणि संगीताचे श्रेय सामान्यतः संपूर्ण वाद्यवृंदाच्या नावे दिले. मैत्रीला येथे व्यवहाराचे अधिष्ठान मिळाले. केवळ स्नेहावर विसंबलेली मैत्री यशाच्या पहिल्याच लाटेत वाहून जाण्याचा संभव असतो.

या व्यवस्थेची कसोटी वेळोवेळी लागली. १३ जुलै १९८५ रोजी वेंबली येथील 'लाइव्ह एड' कार्यक्रमात बोनो रंगमंच सोडून श्रोत्यांत उतरला. त्यामुळे 'बॅड' हे गीत लांबले व ठरलेले पुढील गीत वगळावे लागले. साथीदार संतापले, परंतु तोच प्रसंग जगभरच्या श्रोत्यांच्या स्मरणात राहिला. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री' या संचाला पुढील वर्षी सर्वोत्कृष्ट गीतसंचाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९९० मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत नव्या दिशेच्या शोधात वाद्यवृंद फुटण्याच्या बेतात आला होता. एकत्रित वादनातून अचानक सुचलेल्या 'वन' या गीताने तो पेच सोडविला. संकट एकत्र वाजविण्यातूनच सुटले, हे लक्षणीय होय.

मर्यादा

या उत्कर्षाचे मूल्यमापन करताना विसंगतीही नोंदविणे आवश्यक आहे. जागतिक दारिद्र्यावर बोलणाऱ्या या वाद्यवृंदाने २००६ मध्ये आपल्या व्यवसायाचा काही भाग करसवलतीसाठी नेदरलँड्समध्ये हलविला, व त्यावर आयर्लंडमध्ये टीका झाली. २०१४ मध्ये 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा संच कोट्यवधी आयट्यून्स ग्राहकांच्या खात्यांत न मागता पाठविण्यात आला. त्याबद्दल बोनोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. विरोधाभास असा की, या संचाचा विषय त्यांचे डब्लिनमधील बालपण व किशोरवय हाच होता. सूचनाफलकावरील चिठ्ठीला प्रतिसाद देण्याचे वा न देण्याचे स्वातंत्र्य वाचणाऱ्याला होते. या वितरणाने ते स्वातंत्र्य श्रोत्याला नाकारले. आंतरिक समता जपणारा समूह बाह्य व्यवहारात ती जपेलच असे नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष कटू असला तरी टाळता येत नाही.

समारोप

१५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यू टू'चा भारतातील पहिला कार्यक्रम झाला. तत्पूर्वी ए. आर. रहमान यांच्यासह 'अहिंसा' हे गीत प्रसिद्ध झाले होते. २०२३-२४ मधील लास व्हेगास येथील कार्यक्रमांत मात्र शस्त्रक्रियेमुळे मलन नव्हता. त्याच्या जागी ब्राम व्हॅन डेन बर्ग याने ड्रम वाजविले. ज्याच्या चिठ्ठीने सारे सुरू झाले तोच अनुपस्थित असता वाद्यवृंद उभा राहिला. समूहाचे सामर्थ्य यातून दिसले, तसेच चौघांच्या अविभाज्यतेच्या कल्पनेला प्रथमच मोठा छेद गेला.

'यू टू'चे उदाहरण सार्वत्रिक नियम ठरत नाही. असंख्य शालेय वाद्यवृंद सुरू होतात व शाळेबरोबरच संपतात. तरीही अपुऱ्या कौशल्याच्या मुलांना एकत्र चुकण्यासाठी जागा मिळाली, आणि त्यांनी श्रेयाची न्याय्य वाटणी केली, तर सामूहिक निर्मिती दीर्घकाळ टिकू शकते, हे या प्रवासातून दिसते. शिक्षणसंस्थांत गुणवत्तेची निवड सहसा सुरुवातीलाच केली जाते आणि सरावाची खोली निवडलेल्यांसाठीच उघडते. १९७६ मध्ये अशी निवड झाली असती, तर या चौघांपैकी कितीजण तीत टिकले असते, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.