‘अंमल’, ‘मामला’ आणि ‘मामुली’ : एका अरबी धातूची मराठी अर्थपरंपरा

नांदेड व लातूर परिसरातील मराठीत आढळणारे अरबी-फारसी शब्द हे निजामी राजवटीचे अवशेष होत, असे विधान अनेकदा सरसकट केले जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती, हा त्यामागील आधार होय. तथापि एकाच धातूपासून आलेल्या शब्दांचा परामर्श घेतला असता हे विधान अपुरे ठरते.

अरबीतील बहुसंख्य शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून सिद्ध होतात. ऐन-मीम-लाम या धातूचा अर्थ ‘काम करणे’ असा आहे. त्यापासून ‘अमल’ म्हणजे कृती, ‘मुआमला’ म्हणजे परस्परांतील व्यवहार आणि ‘मामूल’ म्हणजे नेहमी आचरिले जाणारे, हे शब्द तयार झाले. फारसीच्या द्वारे मराठीत आल्यावर त्यांचे अर्थ दूरवर गेले. ‘अंमल’ हा सत्तेचा वाचक झाला, तसाच नशेचाही. त्यामुळे ‘ठाणे अंमलदार’, ‘अंमली पदार्थ’ आणि ‘कायद्याची अंमलबजावणी’ हे शब्दप्रयोग एकाच बातमीत येऊनही त्यांचे नाते वाचकाच्या ध्यानी येत नाही. ‘मामला’ हा व्यवहारापासून भानगडीपर्यंत पोहोचला. ‘मामुली’चा प्रवास वहिवाटीचे, नेहमीचे आणि अखेर क्षुल्लक असा झाला.

याच धातूचा ‘मामलेदार’ हा शब्द विशेष उद्बोधक आहे. शिवकाळात राजव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले असतानाही पेशवाईच्या महसुली कारभारात मामलेदार हे पद रूढ होते. उलटपक्षी निजामी मराठवाड्यात तालुक्याचा अधिकारी ‘तहसीलदार’ होता. ‘तहसील’ हा शब्दही अरबीच, परंतु निराळ्या धातूचा. आज लातूरचा तहसीलदार शेतरस्त्यातील अडथळ्याचा दावा चालवितो तो मूळच्या मुंबई प्रांतातील मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये. म्हणजे ‘मामलेदार’ हा अरबी धातूचा शब्द या कायद्याच्या नावातून लातूरच्या कचेरीत आला, तो हैदराबादहून नव्हे, तर मुंबईहून.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शब्दाचे मूळ सांगितले म्हणजे त्याच्या आगमनाचा मार्ग सांगितला, असे होत नाही. तसेच ‘अंमल’ला ‘शासन’ हा एकच पर्याय सुचविणारी शुद्धीकरणाची भूमिका मराठीने घडविलेले अर्थभेद पुसून टाकते. वर्णानुक्रमी कोशात ‘अंमल’ व ‘मामुली’ परस्परांपासून दूर पडतात आणि ‘अ.’ या खुणेपलीकडे विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मराठवाड्यातील महाविद्यालयांत भाषाविज्ञान शिकविताना अशा शब्दांचे धातुनिहाय संकलन करणे आणि प्रत्येक शब्दापुढे त्याचा काळ, प्रदेश व प्रचलित अर्थ नोंदविणे अगत्याचे आहे. त्याशिवाय येथील मराठीवरील निजामी प्रभावाचे मोजमाप साधार होणार नाही.