संगणकीय सुलभता आणि वापरकर्त्याचे उत्तरदायित्व

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे सातारा-सांगली जिल्ह्यांतही संगणक-साक्षरता रुजली. त्याच वर्षीच्या विंडोज एक्सपी प्रणालीने वापर सुलभ केला. मात्र घरगुती संगणकावरील पहिल्याच खात्यास प्रशासकाचे सर्वाधिकार बहाल केले. हे औदार्य विषाणूंच्या पथ्यावर पडले. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने पावलोपावली अनुमती मागितली. परिणामी न वाचताच होकार देण्याची सवय जडली. तात्पर्य, वारंवार विचारलेल्या प्रश्नांतून उत्तरदायित्व निर्माण होत नाही. महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे आणि अनुमतीचा अर्थही शिकवावा. सुलभतेस विवेकाची जोड लाभली, तरच ही साक्षरता सार्थ ठरेल.