उपग्रहाने मोजलेला पाऊस आणि कृष्णेचे उगमखोरे

उपग्रहाने मोजलेला पाऊस नदीखोऱ्याच्या गणिती प्रतिमानास पुरवावा, निघालेला प्रवाह प्रत्यक्ष मोजणीशी जुळवावा आणि जुळला म्हणजे प्रतिमान सिद्ध मानावे, ही रूढ रीत कृष्णेच्या उगमखोऱ्यात तरी संशयास्पद ठरते. 'ट्रम' उपग्रहाच्या (१९९७–२०१५) प्रचलित पर्जन्यसारणीतील चौकट पाव अंशाची, सुमारे २७ किलोमीटरची. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. एवढ्याच अंतराच्या आत वाई, आणि तेथे त्याचा अल्प अंश. हा उतार चौकटीत सपाट होतो. शिवाय सह्याद्रीवरील पुष्कळसा पाऊस ठेंगण्या, उष्ण मेघांचा. जमिनीवर सूक्ष्मतरंग मुख्यतः हिमकणांवरून अंदाज बांधतात, अवरक्त किरण मेघमाथ्याच्या थंडपणावरून. येथे दोन्ही खुणा क्षीण, म्हणून घाटमाथ्याचा पाऊस कमी भरतो. २०१४ च्या 'जीपीएम'ने चौकट दशांश अंशावर आणली. मेघ तेच राहिले.

मग प्रवाह जुळतो कसा? बाष्पीभवनाचे व मुरणाऱ्या पाण्याचे गुणक घटवून. पावसातील तूट अशी मातीच्या गुणधर्मांत दडते, आणि हेच गुणक पुढे पुराच्या भाकितास लावले जातात! अभ्यासकाने उपग्रहाचा पाऊस प्रथम घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकांशी पडताळावा. गुणक मागाहून ठरवावेत.